जुळ्यातली

लाउदेलिनु,
तुझ्याकडे संध्याकाळचे सात वाजले असतील.
तिथल्या तीन हजार गाईंच्या कानांत नंबर आहेत म्हणालास,
नावं नाहीत.
इथे रात्रीचे दोन. नेब्लिना व्यायली,
त्याला आता आठवडा झाला, पण मी अजून त्याच रात्रीत आहे.

धुकं इतकं, की समोरच्या बेटावरचा डोंगर सोडच,
हायड्रेंजियाचं कुंपणसुद्धा गालाला ओलं लागलं तेव्हा कळलं.
ती गडग्याच्या आडोशाला उभी, शेपूट बाजूला धरून.
बॅटरीचा उजेड पडला तरी हंबरली नाही,
मान वळवून बघितलं फक्त:
आलीस?

पहिला गोऱ्हा. दोन खूर, मग नाक,
मग सगळाच घसरून गवतात.
नाकात काडी फिरवली, शिंकला.
म्हटलं, सुटली. वार पडायची वाट बघत दगडावर बसले.
पण ती पुन्हा कळा द्यायला लागली.
कोपरापर्यंत साबण लावून हात घातला,
आणि आत, त्या काळ्या उबेत,
कुणीतरी माझं बोट चोखलं.

एक पाय मागे दुमडलेला.
खूर मुठीत झाकून पुढे आणायचा, आत ओरखडा उठता कामा नये,
हे बाबांनी तुला शिकवलं की मला?
आठवत नाही. एकदमच शिकायचो आपण सगळं.

कालवड निघाली. पांढऱ्या कपाळाची,
भावापेक्षा वीतभर लहान.
नेब्लिना दोघांना आळीपाळीने चाटत होती,
हिशेब चुकल्यासारखी पुन्हा पहिल्यापासून.

गुळमट कोमट पाणी दोन बादल्या प्यायली.
चीक दोघांना पाजला, आधी तिला,
कारण तो ढुशी मारून पुढे घुसतो.

वार अडकलीच. ओढली नाही मी.
दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर गाय बसलेली,
मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार.
कास दोघांसाठी भरली होती,
त्यासाठी हाडांतलं होतं नव्हतं काढून दिलं होतं तिने.
तिर्सु आला, नवा डॉक्टर, बूट अजून कोरे.
कॅल्शियमची बाटली मी जाकिटात धरून गरम केली,
त्याने मानेच्या शिरेत थेंब थेंब सोडली.
मी तिचा कान धरून बसले.
बाटली अर्धी झाली तेव्हा कान कोमट झाला.
मग तिने ढेकर दिली, शेण टाकलं, उठली.
इतका सुंदर आवाज मी चर्चमध्येही ऐकलेला नाही.

हात धुताना तो म्हणाला,
गोऱ्ह्याबरोबरची कालवड बहुतेक वांझच निघते.
पोटात दोघांचं रक्त एक होतं.
चारा फुकट घालू नका.

गडग्यापलीकडून झुल्मीरा हसली:
हीसुद्धा जुळ्यातलीच आहे, डॉक्टर!

बिचारा लाल झाला. माणसांत तसं नसतं, म्हणाला,
तीनदा म्हणाला.
मला माहीत आहे, पोरा.
माझं लग्न राहिलं त्याला दोन कारणं होती
आणि दोन्ही एकाच बोटीने गेली.

गोऱ्हा आज ट्रकमध्ये चढला.
नेब्लिना फाटकाशी उभी आहे अजून.
कालवड मात्र सडाला लागली, चारही सड फिरून आली,
पहिल्यांदाच ढुशी न खाता.
ठेवते तिला. चाऱ्याचं बघू.
दूध देणार नाही, वासरू देणार नाही,
तर गवत खाईल, धुक्यात उभी राहील.
तेवढं कुणालाही करता येतं,
मी करतेच की.

नाव सुचलं तर सांग.

कास अजून कडक आहे, दिवसातून चारदा पिळते.
तुझ्या गुडघ्याचं काय झालं?
माझा डावा परवापासून ठणकतोय.
तुझा उजवा असेल.