काच घेण्याआधी

सावद्याच्या दुकानात गोटू फेगडेनं
टॅब माझ्या हाती दिला.
मी बोट फिरवलं. काच ढिम्म.
पुन्हा फिरवलं.
"काका, हात पुसा."

पुसून जात नाही रे,
तेवीस वर्षांचा केळीचा चीक आहे.
आधारच्या मशीनलाही मी सापडलो नव्हतो.

मग विचारलं, मे महिन्यात
ट्रकच्या टपावर चालेल का?
म्हणाला, तापला की आपोआप बंद होतो.
सिमकार्ड? याच्यात नाही.
मेमरी वाढेल? नाही.
पडला तर?
गोटू पंख्याकडे बघू लागला.

दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू.

आज दुपारी वखारीत
घडांचा हिशेब खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिला,
पेन्सिल कानावर ठेवली.
ऊन पंचेचाळीस.
पुठ्ठा चालू होता.