समासातला अंगठा

सव्वीस हजार चारशे नव्व्याण्णव.
पेन वेगळा.
बर्डीच्या दुकानातल्या पोरानं असं सांगितलं
जणू पेन वेगळा असणं ही निसर्गाचीच रीत.

मी झेरॉक्सवाला. माझा हिशोब पानांत चालतो.
कागद, टोनर, वीज वजा जाता पानामागे
चाळीस पैसे उरतात, तेही मशीन रुसलं नाही तर.
म्हणजे सहासष्ट हजार पानं.
मेडिकल चौकातली सगळी पोरं दोनदा नापास झाली
तरी एका उन्हाळ्यात एवढी व्हायची नाहीत.

दीक्षिता मागत नाही. हेच अवघड.
मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.
ती फक्त फिजिओच्या तिसऱ्या वर्षाची पिशवी दारात ठेवते
आणि खांदा फिरवून बघते,
पेशंटचा फिरवून बघायला शिकवलाय तसा.
एकदा ती झोपली असताना
रद्दीवाल्या ढोबळेच्या काट्यावर मी ती पिशवी ठेवली.
आठ किलो दोनशे.
ढोबळे म्हणाला, "देऊन टाकता का? बारानं लावतो."

तिची आई म्हणते, घ्या.
मग म्हणते, नका घेऊ, सिनेमेच पाहतात त्यात पोट्ट्या.
मग कूलरमध्ये पाणी टाकता टाकता,
"माह्या वेळी कोणी कॅल्क्युलेटरबी नाही घेऊन दिला."
आता याचा अर्थ घ्या असा की नका असा,
हे मे महिन्याच्या दुपारी विचारायची
माझी हिंमत नाही.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही.
दर टॅबलेटमागे माझं एक गिऱ्हाईक कमी होतं.
परीक्षेच्या आदल्या रात्री काउंटरवर रांग असायची,
पेट्रोल पंपापर्यंत.
आता पोरं येतात आधार कार्ड घेऊन,
मागून-पुढून, एक कॉपी.

दुकानातल्या पोरानं हातात पेन दिला.
"लिहून पाहा ना काका."
काय लिहू?
लिहिलं, दोन्ही बाजू दीड रुपया.
अक्षर बरं आलं. कागदावर येतं त्याहून बरं.
त्यानं दोन बोटं फिरवली.
काही उरलं नाही,
खोडरबराचा भुगासुद्धा.

शनिवारी तिनं मैत्रिणीचा आणला, चार दिवसांसाठी.
"आधी पाहते बाबा, जमतं का. नाही तं उगाच."
रात्री एकला उजेड दिसला म्हणून गेलो.
ती झोपलेली, गाल चटईवर,
पडद्यावर खांद्याचे स्नायू
लाल-निळ्या रेघांनी बांधलेले, तिच्याच हातचे.
सिनेमा नव्हता.
शोधला मी, खोटं कशाला बोलू.

शोधताना पान सरकलं.
कुठल्याशा सिनिअरची पीडीएफ,
त्याला आणखी कोणाकडून आलेली,
आणि डाव्या समासात, खालून चौथ्या ओळीपाशी
एक काळा डाग. वरून गोल, मधून चिरलेला.

हे नख मी ओळखतो.
कूलरच्या पात्यात गेलं होतं, बारा वर्षं झाली,
तेव्हापासून असंच फुटून उगवतं.
जाड पुस्तक काचेवर दाबून धरावं लागतं,
झाकण बसत नाही, हात आत जातो.

माझा अंगठा.
पुढच्या पानावर. त्याच्या पुढच्याही.
कोणाकोणाच्या फोनमध्ये, कुठल्या कुठल्या होस्टेलात,
हिंगणघाटला, गोंदियाला, रात्रीबेरात्री
हा माणूस पान धरून उभा आहे
आणि त्याला पत्ता नाही.

एका ठिकाणी तिची पिवळी रेघ
ओळ संपल्यावरही थांबली नव्हती,
सरळ अंगठ्यावरून गेली होती.
हात घसरला असेल.
चार्जर लावून दिला तिचा, दिवा मालवला.

सकाळी शटर उचललं,
मशीन तापेपर्यंत बर्डीला फोन लावला.
"काल आलो होतो, ओळखलं का? झेरॉक्सवाला.
हां, तोच.
पेन," म्हटलं,
"मागाहून घेतला तं चालते का?"