डावी बाजू

आठ वाजता शटर अर्धं खाली ओढून
आम्ही तिघं झेरॉक्स मशीनला टेकून बसतो.
ते अजून ऊबदार असतं,
दिवसभराच्या बोनाफाईड आणि सातबाऱ्यांनी.
नोव्हेंबर संपत आलाय. अप्पा बळवंत चौकातला
रसवाला गेल्या आठवड्यापासून सूप विकतोय.
कमलिनीबाई पेन मागतात. मी फुकट गेलेल्या प्रतींचा
गठ्ठा पुढे करतो, एक बाजू कोरी.
महोत्सवाची यादी सुरू.

पास पाच दिवसांचा, की शेवटचे दोनच?
रऊफ म्हणतो, पाच. खडकीच्या कारखान्यातून सुटल्यापासून
त्याला अर्धं काही आवडत नाही.
भारतीय बैठक की खुर्ची, हे भांडण दर वर्षीचं,
आणि दर वर्षी मतदान गुडघे करतात.
यंदा खुर्चीला तीन मतं, विरोधात फक्त किंमत.

गाडी नको. पार्किंगपासून मंडपापर्यंत चालण्यात
एक बडा ख्याल संपतो.
थर्मास कमलिनीबाईंचा. झाकणावर लक्ष रऊफचं,
कारण गेल्या वर्षी ते त्याच्याच पिशवीतून घरी गेलं.
दशम्या, लसणाची चटणी.
स्टॉलवर फक्त कॉफी, आणि पिठलं-भाकरी एकदाच,
‘एकदाच’खाली दोन रेघा.
शाल. दुसरी शाल. कानटोपी.
कानटोपीपाशी मी उगाच
मशीनचा ट्रे उघडून बंद केला.

“बसायचं कुठं?”
“डावीकडे,” मी म्हणालो. जरा लवकरच म्हणालो.
“डावीकडे जनरेटर असतो.”
“असू दे.”
“तबल्याची पाठ दिसते तिकडून.”
“पेटीवाला नीट दिसतो,” मी म्हणालो,
जन्मात कधी पेटीवाल्याकडे न बघितलेला मी.

कर्वे रोडवरच्या मुलीनं काचेच्या खोलीत बसवलं होतं.
आवाज आला की बटण दाबा, काका.
उजव्या कानाला मी चटाचटा दाबत गेलो.
डाव्याला अंगठा बटणावर ठेवून नुसता बसलो,
वाद्यं जुळेपर्यंत बसतात तसा,
आणि ती जुळेचनात.
मग तिनं आलेख दिला. डाव्या कानाची रेघ
पायरी पायरी करत खाली गेलेली.
नुसता अवरोह आहे की, मी म्हणालो.
तिला कळलं नाही. तिनं हिअरिंग एडचे दर सांगितले.

तंबोऱ्याचा खर्ज येतो.
जवारीवर जी झिलई चढते ती मी आठवणीतून भरतो,
फिकी उठलेली प्रत वाचताना
आपण अक्षरं भरून घेतो तशी.

विम्यासाठी त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या होत्या.
एक वाकडी आली.

कमलिनीबाईंनी बेरीज करायला यादी उलटी केली.

थांबल्या. चष्मा नाकावर वर सारला.
मग रेघ जिथं संपते त्याखालच्या पांढऱ्या जागेत
आकडे मांडले: पास तीन, रिक्षा, कॉफी गुणिले पाच.
पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलेली बाई.
हातचा धरायला विसरली, खोडलं,
परत केलं.

“डावीकडेच बसू,” त्या म्हणाल्या.
“आणि रऊफला पोपटरावांच्या डाव्या हाताला बसवा.
समेच्या आधी वाहवा देतो मेला.”
रऊफ काहीतरी म्हणाला. मी “हो, हो” म्हणालो.
दोघं हसले. काय म्हणाला
ते विचारायचं राहूनच गेलं.

यादीची घडी त्यांनी पर्समध्ये ठेवली,
लिहिलेली बाजू वर.
मंगळवारी पास काढायचे, साडेनऊला रांगेत.
सुट्टे पैसे कमलिनीबाई आणणार.
हे यादीत नाही, पण ठरलंय.