वरच्या डोळ्याला दात

दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला
तो मेर्तीवरून जातो.
आवाज नाही, सावली नाही.
खाली इवासो नदी, म्हणजे बहुतेक महिने
नदीची नुसती वाट.

नैरोबीत, चौथ्या मजल्यावर,
त्याने पाठवलेलं मी उघडते.
आमच्या पडद्यावर हिरवं लाल दिसतं.
अवरक्ताची रीतच आहे ती :
पान जितकं जिवंत, तितका रंग भडक.
त्या हंगामात नदीकाठावर
कुणाच्या हातून करंडा निसटून
कुंकू सांडलं असावं, असा पट्टा.
मी आकडा काढला. आकडा मर्यादेच्या वर होता.
वर, म्हणजे चारा आहे.
चारा आहे, म्हणजे दुष्काळ नाही.
दुष्काळ नाही, म्हणजे विम्याचा एक शिलिंगही नाही.
इतकी सरळ रेघ
मी आयुष्यात दुसरी ओढली नसेल.

मग हलाके गुयोचा फोन आला.
हाच हलाके, ज्याला आदल्या वर्षी
आमच्याच नकाशाने पाणी दाखवलं होतं,
लाव्हाच्या दगडांत, नखाएवढं निळं.
उंट घेऊन दोन रात्री चालला,
आणि पाणी होतं.
तेव्हा उंटिणीच्या एका पिलाचं नाव
त्याने सॅटेलाइट ठेवलं.
आता म्हणाला, "सॅटेलाइट मेलं.
बघायला या.
वरून नको."

नदीकाठी खरंच हिरवं होतं.
दाटच्या दाट, उन्हाला न जुमानणारं,
बोटभर काट्यांचं.
पाहताक्षणी ओळखलं. वेडी बाभूळ.
इथे तिला मथेंगे म्हणतात.
कुणीतरी कधीतरी वाळवंट थोपवायला लावली होती.
तिने थोपवलं.
गवतही थोपवलं, गुरांची वाटही,
आणि पाण्याकडे निघालेली माणसं.

दाबोने एक शेळी गुडघ्यांत धरली,
दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं.
गोड शेंगा चघळून चघळून
हिरड्या सुजलेल्या, डावीकडचे दात गेलेले,
गालफडात चिकट लगदा.
"हिचं पोट रिकामं," ती म्हणाली,
"पण तुझ्या कागदावर ही जेवलीय."
मग बऱ्याच वेळाने, शेळीला सोडून देताना,
"त्या वरच्या डोळ्याला दात आहेत का गं?"

मी टॅबलेट काढला.
आता जे करायचं त्याला आमच्या कामात
जमिनीवरचं सत्य गोळा करणं म्हणतात,
जणू सत्य म्हणजे शेण,
पाटी घेऊन निघालं की सापडतं.

दाबो पुढे, मी मागे.
एक काटा बुटाचा तळ फोडून आत आला.
ती थांबायची, अंगठ्याने दाखवायची :
हे उंट खातो.
हे शेळी खाते, गाय तोंड लावत नाही.
हे कुणीच खात नाही, पण कान ठणकला तर रस घालावा.
हे होतं. इथे. माझं लग्न झालं त्या वर्षी.
या शेवटच्यासाठी यादीत रकाना नव्हता.
तरी मी तिथे टिंब ठेवलं.

दोनशे अकरा टिंबं झाली.
पुढे कैक महिन्यांनी यंत्र थोडंसं शिकलं :
वेडी बाभूळ पावसाची वाट पाहत नाही,
गवत पाहतं.
गवत येतं आणि जातं,
आणि जे जातं तेच खाण्याजोगं.
आकडा खाली आला. पैसे मिळाले.
दाबोच्या सात शेळ्यांना उशिरा.

त्या दिवशी साडेदहाला मी तिला म्हटलं होतं,
आत्ता जातोय तो, बघ.
तिने कपाळावर हात धरला, वर पाहिलं.
हलाकेने पाहिलं नाही. तो दोर वळत होता.

परतल्यावर मी ते चित्र उघडलं.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद
एक चौकोन,
त्यात दाबो, मी, बिनदातांची शेळी,
फुटका बूट, दोर, आणि मथेंगे,
सगळ्यांची मिळून एकच सरासरी.
बाजूच्या चौकोनांपेक्षा
तो किंचित फिका होता,
असं मला वाटलं.
अहवालात तसं लिहिता आलं नाही.