दोरांचा हिशेब

लेगॉटबाईंनी जाताना माझ्या हाती दिलं ते एवढंच:
मनोऱ्याची किल्ली, चरबीचा डबा
आणि कातडी पुठ्ठ्याची वही.
पहिली नोंद सोळाशे एकोणचाळीसची.
दोर तीन, दहा पेन्स. वाजवणाऱ्यांना बिअर, चौदा.

तेव्हा तिघीच होत्या. थोरली, मधली, धाकटी.
बांध फुटला की थोरली.
आग लागली की तिघी एकदम, वेड्यावाकड्या.
कुणी गेलं की पुरुषाला नऊ ठोके, बाईला सहा,
मग वयाचे, एकेक, सावकाश.
बीट उपटणारी माणसं वाकल्या वाकल्या मोजायची.
एकोणसत्तरला थांबली, म्हणजे प्रिजनचा म्हातारा.
चारला थांबली तर
नाव कुणी विचारायचं नाही.

मग थोरलीला तडा गेला.
राजाच्या वाढदिवशी, बिअर जरा जास्त झाल्यानं,
पण वहीत लिहिलंय: थंडीमुळे.
ओतारी आला तो घोडागाडीभर चिकणमाती आणि लीद घेऊन.
कबरींच्या मधे जागा शोधून खड्डा खणला,
थोरलीला घणांनी फोडलं, वितळवलं.
बायका रांगेत उभ्या. कुणी अंगुस्तान टाकलं, कुणी तुटका चमचा.
मर्सी टपहोमनं नवऱ्याच्या बुटांची चांदीची बकलं टाकली.
नवरा जिवंत होता, शेजारीच उभा होता.

ओताऱ्याच्या पोराला अक्षर येत नव्हतं.
‘वाजवा, पण भांडू नका’ या ओळीतला एक एन
उलटा बसला तो बसलाच.
अडीचशे वर्षं ही गोष्ट फक्त वरच्या कावळ्यांना ठाऊक
आणि चरबी लावणाऱ्याला.
मी दर वसंतात त्यावरून बोट फिरवते.

पुढे तिघींच्या सहा झाल्या.
आमच्याकडे गाणं नसतं, क्रम असतो.
सहाजणींचे सातशेवीस क्रम,
एकही पुन्हा येता कामा नये,
आणि कागद बघायचा नाही.
ईनॉक कॉड मळणीयंत्रावर राबून ठार बहिरा झाला,
तरी एकतीस वर्षं पाचवी त्याचीच.
तो दोर बघायचा. कुणाचा हात उतरला,
कुणाचा चढला, की मग आपला.
थोरली मात्र मला लागते, म्हणायचा,
इथे, फासळीत, दाढ दुखावी तशी.

चाळीस साली हुकूम आला:
शत्रू आकाशातून उतरला तरच वाजवा.
रविवार बिनआवाजाचे गेले. तीन वर्षं.
पोरं सैन्यात. दोर खुंट्यांवर.
ईनॉकनं पाचवीची आणि धाकटीची जीभ चामड्यानं बांधली
आणि लेगॉटांच्या पंधरा वर्षांच्या पोरीला वर बोलावलं.
वर पाच मण काँसं फिरायचं,
खाली नुसती दोरांची सळसळ, तुळयांची कुरकुर.
ती घंटा वाजवायला शिकली
एकदाही घंटा न ऐकता.

बंदी उठली त्या सकाळी
पहिल्याच ठोक्याला तिनं दचकून दोर सोडला.
दोर सापासारखा छतापर्यंत उसळला.
बाकीचे ओरडले, कुणी हसलं.
ईनॉकला कळेना हिला झालं काय.
तो ओढत राहिला.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचे हात
चहाच्या कपाभोवती
दोर धरल्यासारखे होते, एकावर एक.

गेल्या मंगळवारी तिच्यासाठी थोरली मी एकटीनं ओढली.
सहा. मग शहाण्णव, एकेक, सावकाश.
सत्तरच्या पुढे कुठेतरी माझी मोजणी चुकली.
शेतात मोजायला आता कुणी वाकलेलं नसतं,
ट्रॅक्टरच्या काचा बंद असतात.
सत्त्याण्णव झाले असतील. पंच्याण्णवही.
खाली आले, वही उघडली.
ग्रीस एक डबा. दोर एक, नायलॉनचा. बिस्किटं.
आणि ठोके: शहाण्णव.