गज चार बोटं वर राहिला

मतमोजणीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी
रबाळे पोलीस ठाण्यातून बंदूक सोडवून आणली.
रिक्षावाल्याला वाटलं, पडद्याचा दांडा.
घणसोलीत, चौथ्या मजल्यावर,
चाहूकाकानं ती पलंगावर ठेवली, खाली गोधडी,
दवाखान्यातून आणलेल्या माणसासारखी.

ठासणीची. आठाची नळी. म्हणजे
एक रत्तल शिशाच्या आठच गोळ्या,
एकेक टपोऱ्या बोराएवढी.
मिठागराच्या साहेबानं जाताना आज्याला दिलेली.
परवान्यावर कारण लिहिलंय : शेत-संरक्षण.
शेतावर आता सेक्टर नऊ आहे.
डुकरं येत नाहीत, कुरियरवाले येतात.

काकानं तेलाच्या बोळ्यासाठी गज आत सोडला
आणि थांबला.
बाहेर काढला, नळीला लावून पाहिला, परत सोडला.
रिकाम्या नळीची खूण तोंडाच्या
चार बोटं वर.
"भरलेली हाय गो ही."

एकोणीस वर्षं.
बाबांनी ठासली, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले.
त्यानंतर दर निवडणुकीला ती जमा झाली,
पावतीवर सही, माळखान्यात भिंतीला टेकून उभी,
पोटात दारू तशीच.
टोपी नव्हती, एवढंच.

रात्रभर साबणाचं कोमट पाणी.
सकाळी गजाला स्क्रू लावून काकानं तो शिशात फिरवला,
शिसं मऊ, कुरकुर न करता घेतलं त्यानं.
मग मी दस्ता धरला, काकानं पाय कपाटाला लावले
आणि आम्ही ओढलं, विहिरीतून बादली काढावी तसं.

गोळी आली, अंगावर चिंधी.
चरबीनं पिवळी, तरी ओळखली मी :
निळ्या रेघांचं, गादीचं कापड.
माझ्या गादीचं.
कोपऱ्यात वाटीएवढं भोक, कापूस बाहेर,
आणि आईनं विचारलं होतं, कात्री कुणी घेतली?
मी दोन थपडा खाल्ल्या होत्या त्या भोकाच्या.
बाबा जेवत होते.
मान वर केली नव्हती त्यांनी.

रविवारी अडवलीच्या मागची बंद दगडखाण.
दारू मापानं. चिंधी या वेळी माझ्या उशीच्या अभ्र्याची,
मी स्वतः कापलेली, खोबरेल लावलेली.
त्यावर गोळी, अंगठ्यानं दाबायची,
वर आलेलं कापड सुरीनं उडवायचं
आणि गज, न ठोकता, एका दमात खाली.
गज पुन्हा चार बोटं वर राहिला.
आता कारण माहीत होतं.

घोडा. टोपी. समोर रंगाच्या डब्याचं झाकण.
चाप ओढल्यावर
आधी एक छोटा चट्,
मग मध्ये इतकी जागा की वाटलं, राहिलं,
आणि मग खांद्यात कुणीतरी दार लोटून आत आलं.
खाणीनं आवाज तीनदा परत केला.
धूर हलेना. पांढरा, सुस्त, माझ्याच तोंडासमोर.
झाकणाला लागली का, काकानं विचारलंच नाही.
तो दहा पावलांवर वाकून काहीतरी शोधत होता.

चिंधी.
मध्ये फाटली नव्हती. कडा करपलेल्या,
भोवती सात पिळांच्या सात खुणा.
"घट्ट बसलेली," काका म्हणाला,
आणि ती खिशात घातली, तिकिटासारखी.
(झाकण? तीन बोटं डावीकडे. कातळाला.)

घरी मोरीत उकळतं पाणी नळीत ओतलं
तर सगळ्या मजल्यावर नासक्या अंड्यांचा वास.
चारशे तीनच्या मराठेबाई धावत आल्या :
गॅस लीक आहे का हो?
माझे हात कोपरापर्यंत काळे.
म्हटलं, नाही, जुनं काहीतरी धुतोय.

ओढून काढलेली ती गोळी खिडकीत ठेवलीय.
स्क्रूचं भोक वर, आणि कुशीवर
गादीच्या कापडाची वीण उमटलेली,
नखानं धागे मोजता येतील इतकी.
दिवाळीला आई उरणहून येईल.
तिच्या हातावर ठेवणार आहे,
काही न बोलता.
कात्री कुणी घेतली होती ते बघू दे.