बोडीपुरतं घड्याळ

लाखांदूरच्या बाजारात, चपलांची लाइन संपते तिथं
वहीदचाचाचं काचेचं कपाट.
त्यात सतरा घड्याळं, अकरा चालू,
आणि दोनच अशी, जी एकसारखी वेळ सांगत होती.
मी बोट ठेवलं ते तिसरंच.
स्टीलचं, जाड, पट्टा बदललेला,
पाठीवर कोरलेलं: पन्नास मीटर.

"यात पानी नाई ना जाणार जी?"
चाचा हसला. "मीटर पाहून फसू नको बाई.
ते नवं होतं तेव्हाचं माप.
आता किती मीटरचं, ते त्यालेच विचारा लागते."

मला कुठं खोल जायचंय.
आमची बोडी गळ्याइतकी, मधोमध नाकाइतकी.
पण शिंगाड्याची वेल उचलून पालटताना
हात खांद्यापर्यंत आत जातो, सकाळभर,
आणि अकराला बांधावर छोटा हत्ती येतो,
वजन करतो, भरतो, निघतो.
भागरता राहिली का, असं विचारत नाही.
मोबाइल गेल्या कार्तिकात बोडीनं गिळला.
सूर्य आहे म्हणा,
पण धुवारीच्या दिवसांत तोही उधारीवर.

चाचानं घड्याळ बल्बखाली धरलं,
पापड शेकावा तसं, उलटून पालटून,
चटका बसणार नाही पण ऊब राहील इतकं.
मग गाडग्यात बोट बुडवून
काचेवर गार पाण्याचा एकच थेंब.
"आता बोलू नको."
मी तर श्वासही घेत नव्हती.

मिनिटभरानं थेंब पुसला.
काचेखाली, बारा नि दोनच्या मधात,
कोंड्याच्या कणाएवढं धुकं.
"आत ओल हाये," चाचा म्हणाला,
डॉक्टर म्हणतात तसं, कोणाकडेही न पाहता.

कोणाची ओल?
कोणाच्या मनगटावर, कोणत्या नळाखाली,
की कोणाला पोचवून आल्यावरच्या आंघोळीत
यानं एक घोट घेतला असेल
आणि गप्प राहून चालत राहिलं असेल?

"तांदळात पुरून ठेवू का रातभर?"
"तांदूळ जेवाले असतात बाई."

त्यानं पाठ उघडली.
रबराची कडी निघाली, केसासारखी, मधेच तुटलेली.
झाकणाच्या आतल्या अंगाला ओरखडे:
सुईनं लिहिलेल्या तारखा. तीन. तीन वेगळे हात.
"ज्यानं उघडलं त्यानं लिहून जावं, असा आमचा धंदा.
गिऱ्हाईक वाचत नाई. पुढचा घड्याळवालाच वाचते."
पहिली तारीख माझ्या लग्नाआधीची.
तिसऱ्यानं तारखेपुढं एक शब्द लिहिलेला: पाणी.

घड्याळ तसंच उघडं, बल्बखाली, चहा होईस्तोवर.
मग नवी कडी. तिला ग्रीस,
लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं इतकंच.
चाचानं सुई घेतली, आजची तारीख ओरखडली.
मी म्हटलं, "एक शब्द माहाही लिहा."
"कोणता?"
"बोडी."

मग जाड बरणी, झाकणाला सायकलचा वॉल.
खाली पाणी, वर हवेत दोऱ्यानं टांगलेलं घड्याळ.
पोऱ्यानं पंप मारला. वीस. बावीस.
दोरा सैल केला, घड्याळ बुडालं,
चाचा हळूहळू हवा सोडायला लागला.
"बुडबुड्याची माळ निघाली तं गळते.
एखादा चिकटून बसला तं तो बाहेरचाच."

एक दिसला, चावीच्या कडेला.
बसून राहिला.
चाचा, पोरगा, चहाचे ग्लास न्यायला आलेला बळीराम आणि मी,
आम्ही चौघं त्या एवढ्याशा हवेकडे पाहत,
दुसरा येतो का.

घड्याळाचे चारशे, कडीचे वीस,
पंप मारणाऱ्या पोऱ्याला भजे.

सकाळी बोडीत उतरली.
पाणी आधी पोटरीला, मग पोटाला चावलं.
हात आत गेला, हिरव्या अंधारात
काटा जरा तिरपा दिसला, पण चालता.
बऱ्याच वेळानं हात वर काढला,
काच पदरानं पुसायला गेली, पदरही ओलाच.
अंगठ्यानं पुसली.
आधी काचेखाली पाहिलं.
मग वेळ पाहिली.